तीन खोल्यांच्या राज्यात नंदादीप राखिला त्याची हकीकत

श्रीदीपलक्ष्मी साह्य. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध अष्टमी, रविवार, ते दिवशी तीन खोल्यांच्या राज्यावर अरिष्ट आले आणि निवारले, ते जैसे घडले तैसे लिहितो. राज्याच्या धनी मातुश्री भागीरथीबाईसाहेब. घटस्थापनेस देवापुढे नंदादीप लावावा आणि नऊ दिवस विझो देऊ नये, हा त्यांचा नेम एकतीस वर्षांचा, आणि त्यात खंड पडिला तो एकदाच, आणि त्याच वर्षी यजमान कैलासवासी जाहले. मग मातुश्रींनी चित्तात पक्के धरिले की, पुन्हा दिवा गेला तर पुत्र जाईल. पुत्र मुरलीधरराव तर मालमोटारीवर स्वार, आणि ते दिवशी घाटात. सून उत्पलाबाई बौद्ध घरची. देवीस हात जोडीत नसत, म्हणोन मातुश्रींनी त्यांच्या बुद्धमूर्तीस स्वयंपाकघराच्या खिडकीची जहागीर दिली होती. तेथे त्या रोज पहाटे पणती लावीत आणि पाच शीले म्हणत, त्यांत चौथे खोटे न बोलण्याचे.

अष्टमीस वातीवर काजळी धरली. दस्तूर ऐसा की, काजळी झाडण्याआधी त्याच ज्योतीवर जोडदिवा लावून शेजारी ठेवावा, म्हणजे ज्योत गेली तरी वंश राहतो. सूनबाई बोलिल्या, "आई, आधी जोडदिवा लावून घेऊ या का?"

"एकतीस वर्षं करतेय मी. आता तू शिकव मला!" ऐसे म्हणोन मातुश्रींनी काडी घातली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापरा, वात तेलात बुडाली आणि दिवा गेला.

मग मातुश्री मटकन खाली बसल्या आणि बोलिल्या, "मुरली घाटात आहे गं." आम्हांस तो प्रसंग आठविला की अजून गलबलते.

सूनबाई उठल्या आणि खिडकीतील पणती पदराआड धरोन आल्या. "आई, हवं तर रागवा. पहाटे काडेपेटी सादळली होती, म्हणून मी पणती तुमच्याच दिव्यावर लावली. ही ज्योत त्याचीच आहे." जोडदिव्याखेरीज नंदादीपावर दुसरा दिवा लावणे मातुश्रींच्या दरबारी मोठा गुन्हा, एरवी आकाशपाताळ एक केले असते. परंतु त्यांनी वात सारखी केली आणि समई पुढे सरकविली. नंदादीप पूर्ववत जाहला. संध्याकाळी मुरलीधरराव सुखरूप आले आणि चार भाकऱ्या जेविले.

दुसरे दिवशी पहाटे सूनबाई शीले म्हणो लागल्या. तीन जाहली आणि चौथ्यापाशी थांबल्या. कारण काडेपेटी सादळली नव्हती. मातुश्रींची दृष्टी अधू, परंतु कान तिखट. आदले दिवशी पहाटे काडी ओढिल्याचा आवाज त्यांनी अंथरुणातून ऐकिला होता. मग त्या भिंत धरीत खिडकीपाशी आल्या आणि बोलिल्या, "म्हण गं चौथं. कालचं पाप माझ्या माथी." आणि सूनबाई रडल्या आणि चौथे म्हणाल्या, आणि मातुश्री तोवर उभ्या राहिल्या.

सारांश, दिवा अखंड राहिला ऐसे राज्यात सर्व मानितात. खरे दोघींस ठाऊक, आणि दोघी त्याविषयी बोलत नाहीत. मात्र तेव्हापासून काजळी झाडणे असली की मातुश्री आधी हाक घालितात, "सूनबाई, तुझी पणती आण." आम्हांस कसे कळले ते पुसो नये. इतके लिहोन दौत झाकिली.