लाल पुली आणि नवरदेवाची गाडी

राजूर घाटात माझ्या साडूने मला मागे टाकलं, तिथून सगळी सुरुवात झाली. मागे टाकलं त्याचं एवढं काही नाही. पण जाता जाता त्याने काच खाली करून हात हलवला. आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत असताना साडूने हात हलवावा, हे दुःख ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

साडू म्हणजे दीपक. माझी बायको छाया, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहतो बुलढाण्याला. गाडी नवी, पोट नाही. मी मोताळ्याला एका कचेरीत कारकून. गाडी नऊ वर्षांची, पोट त्याहून थोडं जुनं. आणि महिनाभराने माझ्या मेहुण्याचं, गोपालचं, लग्न होतं. लग्न मुलाकडेच, सोनाळ्याला. वरातीत नवरदेवाची गाडी कोणाची, तर मोठ्या जावयाची, म्हणजे माझी, हे ठरल्यातच जमा होतं. पण घाटातल्या त्या प्रसंगानंतर दोनच दिवसांनी सासरे, उकंडराव, फोनवर सहज म्हणाले, "दीपकरावाची गाडी बी चांगली आहे म्हंतात लोकं."

त्या दिवसापासून मला चैन पडेना. जेवताना पाय हलायचा. कचेरीत फाईल उघडली की तिच्यात घाट दिसायचा. गाडी वेगवान करायची, एवढंच डोक्यात होतं. (वजन कमी केल्यानेही गाडी वेगवान होते असं छायाने सुचवलं होतं. तिचा रोख गाडीकडे नव्हता.)

मग फोनवर मला अंडरड्राइव्ह पुलीचा शोध लागला. इंजिनाच्या तोंडाशी एक पुली असते. ती पट्ट्याने एसी, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर अशा चौघांना फिरवते. ही पुली बदलून लहान लावली की ते चौघं सावकाश फिरतात आणि इंजिनाची वाचलेली ताकद चाकांना मिळते. मला हे फार लवकर पटलं, कारण आमच्या कचेरीतही चौघं सावकाशच फिरतात. फक्त वाचलेली ताकद कुठे जाते ते अजून सापडलेलं नाही.

निवड करायला मला तेरा दिवस लागले. (छाया पसंत करायला एक कप चहा पुरला होता.) पुली दहा टक्के लहान, पंधरा टक्के लहान आणि पंचवीस टक्के लहान अशी मिळत होती. दहा टक्केवाली घेणारा माणूस मला मुळातच कच्चा वाटला. पंधरावालीच्या खाली लिहिलं होतं, रोजच्या वापरासाठी योग्य. रोजच्या वापरासाठी योग्य असं माझ्याबद्दलही लोक म्हणतात, आणि त्याने माझं काय भलं झालं ते मला ठाऊक आहे. मी पंचवीसवर बोट ठेवलं. राहिला रंग.

"लाल घेऊ का निळी?" मी छायाला विचारलं. ती कुरडयांचा चीक हाटत होती.

"कुठं दिसन थे?"

"बोनेट उघडल्यावर."

"अन् बोनेट काऊन उघडन कोनी?"

"गाडी बंद पडली तं उघडतेच न."

"मंग लाल घ्या," ती म्हणाली. "लोकाईले लवकर सापडन."

शेवटची खात्री म्हणून मी सासऱ्यांना फोन केला. उकंडरावांचं मळणीचं थ्रेशर आहे, हयात पुल्या चढवण्या-उतरवण्यात गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे इंजिनकडची पुली लहान करून राह्यले तुमी."

"हाव मामाजी."

"सोयाबीन काढाले आमी लावतो तशी. डरम हळू फिराले पाह्यजे, नाही तं दाना फुटून त्याची दाय होते, डाळ." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गाडीत कायची दाय होऊन राह्यली, जावईबापू?"

मी त्यांना हॉर्सपॉवर समजावून सांगितली. ते हाव हाव म्हणत राहिले. अडाणी माणसाला समजावणं किती अवघड असतं, असं मनात म्हणत मी फोन ठेवला. (हे वाक्य पुढे मला फार महागात पडणार आहे, ते लक्षात ठेवा.)

पुली आली. आमच्या गल्लीच्या टोकाला राजकुमारचं गॅरेज आहे. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, आखूड पट्टा शोधून आणला आणि दिवसभर खपून बसवली. शेवटी हात पुसत म्हणाला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. गाडी पळते तवरक काई नाही. जागेवर उभी राहून चालू असली तं बॅटरी चार्ज होनार नाही, एसी बसन, अन् पानी गरम होईन."

"मी गाडी उभी ठेवाले घेतली काय बे?" मी म्हणालो. आमच्या दोघांच्या संभाषणात हुशार वाक्य हेच, असं तेव्हा मला वाटलं होतं.

लगेच घाट गाठला. गाडी उडाली असं मी सगळ्यांना सांगितलं. मी एका एसटीला मागे टाकलं. (ती प्रवासी उतरवायला थांबली होती, पण मागे पडली हे खरं.) सासऱ्यांना फोन करून कळवलं की नवरदेवासाठी गाडी तयार आहे, जिल्ह्यात अशी दुसरी नाही. ते म्हणाले, "बरं, मंग तुमचीच." त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी घोरलो.

आता वरात. मे महिना, ऊन असं की मारुतीच्या देवळाच्या पायरीवर पाय ठेवणारा प्रत्येक जण नाचतच उतरत होता. लग्नाची वेळ बारा पाचची. देवदर्शन करून नवरदेव साडेदहाला माझ्या गाडीत बसला. अंगात जाड शेरवानी, डोक्यावर फेटा. त्याच्या शेजारी करवली म्हणून छाया. मी स्टिअरिंगवर, अंगात नवीन सफारी. आरशात मागे दीपकची गाडी दिसत होती. मी काच खाली केली आणि हात हलवला. आयुष्यात असे क्षण थोडे येतात.

मांडव एक किलोमीटरवर. पुढे बँड, बँडच्या पुढे सगळं सोनाळा नाचत होतं. अर्ध्या तासात आम्ही पिठाच्या गिरणीपर्यंत आलो. गिरणी देवळाच्या शेजारीच आहे.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी ही पुली घाटासाठी निवडली होती. वरातीसाठी निवडायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"भाऊजी, एसी लावा न," गोपाल म्हणाला.

"लावेल आहे."

"मंग हे गरम काय येऊन राह्यलं?"

स्टिअरिंग दगडासारखं झालं होतं. बॅटरीचा लाल दिवा लागला. पाण्याचा काटा वर सरकायला लागला. मला राजकुमार आठवला, आणि उपायही सुचला. गाडी उभीच ठेवून अॅक्सिलरेटर दाबायचा, म्हणजे इंजिन जोरात फिरेल, पुली जोरात फिरेल आणि चौघंही कामाला लागतील. मी पाय दाबला. गाडी जोरात घुरघुरली. एसीतून दोन श्वास गार हवा आली.

पण पुढच्या पोरांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं नवरदेव रंगात आला. त्यांनी बँडवाल्याला तेच गाणं पुन्हा लावायला लावलं आणि जमिनीवर लोळून नाचायला सुरुवात केली. म्हणजे गाडी आणखी थांबली, म्हणजे काटा आणखी चढला, म्हणजे मी आणखी पाय दाबला. मी घुरघुरायचो आणि ते लोळायचे. असं सहा वेळा झालं.

"तुमी कायले जोर देऊन राह्यले त्याईले?" छाया म्हणाली. तिच्या हातातल्या ताटातलं कुंकू घामाने पातळ झालं होतं.

"मी गाडीले जोर देऊन राह्यलो."

सातव्या वेळी बोनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. किल्ली फिरवली तर नुसतं टिक झालं. घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि मांडव अजून अर्ध्याहून जास्त लांब होता. खरं सांगतो, त्या घटकेला घाट, वेग, हॉर्सपॉवर काही आठवलं नाही. सासऱ्यांनी सगळ्या भावकीसमोर मोठ्या जावयाला मान दिला होता, आणि मी त्यांच्या एकुलत्या एक मुलाची वरात भर उन्हात बंद पाडली होती. एवढंच आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं.

बोनेट उघडलं. सगळं गाव वाकलं. पुली खरोखरच लवकर सापडली. उकंडरावांनी मान वाकडी करून ती बराच वेळ पाहिली.

"रंग चांगला आहे," ते म्हणाले.

दीपक पुढे आला. "मामाजी, नवरदेवाले माह्या गाडीत बसवा न."

मी मान खाली घातली. पण सासूबाई, कौशल्याबाई, दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मारुतीहून निंगालेला नवरदेव मांडवाआंधी खाली उतरत नसते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कधी झालं नाही, आज बी होनार नाही."

मग एकच मार्ग होता. आठ जण मागे लागले. नाचणारे थांबले, कारण नाचणारेच ढकलत होते. ऊन डोक्यावर, हाताला पत्रा चटके देणारा, त्यामुळे रेंगाळायची कोणाला हौस नव्हती. बँडवाले जीव घेऊन पुढे पळाले. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होतो आणि आरशात दीपक दिसत होता, घामाघूम, माझ्या डिक्कीला खांदा लावून. हात हलवण्याचा मोह झाला, पण हात रिकामे नव्हते.

राहिलेलं अंतर आम्ही नऊ मिनिटांत कापलं. मांडवात मुलीकडचे अजून शरबत वाटत होते, भटजी चप्पल शोधत होते. बारा पाचचं लग्न बारा पाचलाच लागलं. असं कधी झाल्याचं सोनाळ्यात कोणाला आठवत नव्हतं. जेवणं वेळेवर झाली. म्हातारी माणसं उपाशी बसली नाहीत. दुपारी पान खात उकंडराव चारचौघांत म्हणाले, "मोठ्या जावयाच्या गाडीनं लग्न टायमावर लावलं." ते मनापासून म्हणाले असावेत. मला खात्री नव्हती, म्हणून मी छायाकडे पाहिलं. ती पदरात तोंड घालून हसत होती.

मोताळ्याला परत आल्या आल्या राजकुमारकडे जाऊन मी जुनी पुली बसवायला सांगितली. तो पाना हातात घेतोय तोच सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, दीपकरावाच्या बहिनीचं लगन ठरलं. त्याईनं तुमचीच गाडी मांगितली."

माझी छाती फुगली. "देतो न मामाजी. आता पुली बदलवूनच आनतो, मंग पाहा कशी चालते."

"नोका बदलवू," ते घाईने म्हणाले. "चालू नोका करू तिले, पोरं ढकलतीन. किल्ली छायाजवळ देऊन पाठवा. तुमी नाही आले तरी चालते."