सहा मिलिमीटरची दोरी

"भावजी, मी सांगितलं त्याहून साच्याचं भोक बारीक कुणी केलं?" सुनेनं दिराच्या नाकासमोर दोरी धरली. खिडकीच्या काचेभोवती खाचेत बसवायची प्लास्टिकची दोरी, खिडक्यावाल्या गिऱ्हाइकानं मागवली होती सहा मिलिमीटरची. ही जेमतेम चार भरत होती.

सुनेच्या डोक्यात तिडीक का गेली ते समजायला एवढंच कळलं तरी पुरे. वितळलेलं प्लास्टिक मोठं हट्टी असतं. साच्याच्या भोकातून रेटलं की निमूट लांब होतं, पण बाहेर येऊन रेटा थांबला की पुन्हा आखडतं आणि फुगतं. ते किती फुगेल याचं गणिती मॉडेल करण्यात तिनं उमेदीची वर्षं घातली होती. सासऱ्यांच्या कारखान्यात मात्र हेच काम अंदाजानं चालायचं. तिनं फारच लावून धरलं तेव्हा सासरे म्हणाले होते, "ही एक ऑर्डर तुझ्या गणितावर काढू. जमलं तर सगळे साचे तुझ्या ताब्यात. नाही जमलं तर पुढच्या खोलीत बसून फोन घ्यायचे."

"वहिनी, प्लास्टिक फुगतं ना," दीर समजुतीनं म्हणाला. "म्हणून मी भोक जरा कमी ठेवलं."

"अहो, ते फुगणार म्हणून मी आधीच कमी करून दिलं होतं."

"ते तुमचं झालं. मी माझं केलं."

सुनेनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मशीनपाशी उभे असलेले सासरे म्हणाले, "मीही मशीनची ओढ थोडी वाढवली हं, दोरी ताणली की बारीक होते. म्हटलं, कितीही केलं तरी फुगणारच."

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मग काय झालं? घरचंच काम आहे."

आता सांगा, माणसानं संतापायचं नाही तर काय करायचं? एका फुगण्याची तिघांनी तीनदा काळजी घेतली, आणि तोंडघशी कोण पडलं, तर मॉडेल. सुनेनं पदर खोचला. दुसरा साचा तिनं दिराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतला. सासऱ्यांना मशीनपासून चार हात लांब खुर्ची दिली. ते हात मागे बांधून बसले, पण बोटं सारखी वळवळत होती.

दोरी आली. सुनेनं इथे मोजली, तिथे मोजली, शेवटाला मोजली. सगळीकडे सहा. सासऱ्यांनी स्वतः मोजून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा मोजली आणि म्हणाले, "आहे खरी सहा." सुनेचे डोळे भरून आले.

दुपारी खिडक्यावाला आला. बरोबर चौकटीचा तुकडा होता. त्यानं दोरी खाचेत दाबली. दोरी बाहेर पडली. पुन्हा दाबली, पुन्हा पडली.

"बारीक आहे हो," तो म्हणाला.

"बारीक कशी? सहा सांगितलीत, सहा दिली. मोजून घ्या."

"सहाच आहे, तेच तर. आम्हाला सात लागते."

"मग सात का नाही सांगितलीत?" सुनेचा आवाज चढला.

"ताई, तुमच्याकडे सात सांगितली की आठ येते. म्हणून आम्ही पहिल्यापासून सहा सांगतो. कधी तक्रार आली का आमची?"

सासरे खुर्चीतून उठले. "सूनबाई, तुझं गणित बरोबर आलं, म्हणून माल परत आला," ते म्हणाले. "आता करायचं काय?"

सुनेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चूक अंदाजाची, आणि फोन घ्यायला बसायचं हिनं. "मला अजून एक साचा द्या, बाबा," ती म्हणाली. मग खिडक्यावाल्याकडे वळली. "आता नीट सांगा. किती हवी?"

"सात."

"खरोखर सात?"

"शपथेवर सात."

सून आतल्या खोलीत गेली. तिनं संगणकावर सात लिहिलं. पण सहा सांगून सात नेणाऱ्याची शपथ कितपत खरी मानायची? मग दार लोटून घेतलं आणि कुणाला न सांगता सव्वासात केलं.