कुलूपवाल्याची सकाळची शुगर

उपाशीपोटी तपासलेली शुगर एकशे बासष्ट निघाली, तेव्हा कुलूपवाल्याच्या बायकोने मशीन बाजूला ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"बिस्किटं खाल्लीत?"

"अगं, तुझी शपथ, नाही!"

"मग ही काय आकाशातून पडली?"

आकडा उतरला नाही तर इंजेक्शन, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुईचं नुसतं नाव काढलं तरी या गृहस्थाला दरदरून घाम फुटायचा. त्याने त्या दिवशी रात्रीचं जेवणच सोडलं. सकाळी एकशे ऐंशी.

बायकोने खाण्याचं कपाट बंद करायचं ठरवलं. पण कुलूपवाल्यापासून कपाट कुलपात ठेवणं म्हणजे मांजराच्या पहाऱ्यात दूध ठेवणं. शेवटी त्यानेच दुकानातलं सर्वांत भारी कुलूप आणलं आणि एकुलती एक किल्ली तिच्या हाती दिली. "हे माझ्याच्यानेही उघडत नाही," तो म्हणाला. 'मला उघडता येणार नाही असं कुलूप अजून जन्मायचंय' म्हणून पंचवीस वर्षं मिरवलेला माणूस तो. बोलताना जीभ जड झाली, पण काय करणार? घरात चोर ठरण्यापेक्षा ते बरं.

त्या रात्रीही तो जेवला नाही. सकाळी एकशे शहाण्णव.

"एक तर कुलूप उघडताय," बायको म्हणाली, "नाहीतर भिंती चाटताय. चला संध्याकाळी दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चोर घरातलाच आहे," त्या म्हणाल्या.

"मी म्हणतच होते!"

"अहो, यांचं लिव्हर! जेवण चुकलं की त्याला वाटतं, दुष्काळ पडला. मग साठवलेली साखर काढतं, वर नवी बनवतं आणि रक्तात सोडतं. मधुमेहात त्याला हात आवरता येत नाही. उपास बंद करा. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला हलकं जेवण. इंजेक्शनचं पंधरा दिवसांनी बघू."

बायकोला अगदी भरून आलं. "उगाच बोलले हो तुम्हाला," ती वाटेत दोनदा म्हणाली.

सातला पाच मिनिटं असताना तिने ताटं मांडली, आणि बघते तर किल्ली नाही. पर्स झाडली, गाद्या उलथ्या केल्या. निघण्यापूर्वी केलेला सगळा स्वयंपाक तिने कपाटातच कोंडला होता.

"अहो, सात वाजले! आता तुमच्या लिव्हरला काय सांगू?"

कुलूपवाला बराच वेळ कुलपाकडे बघत उभा राहिला. मग त्याने हात पुढे केला. "तुझ्या केसातली पिन दे."

अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं.

"म्हणजे उघडता येत होतं?" तिचा आवाज मऊ झाला. "आणि पोटात कावळे ओरडत असताना हात लावला नाहीत?"

"नाही लावला," तो छाती फुगवून म्हणाला.

"आणि माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोललात."

छाती होती तिथे गेली. तिने ताट वाढून त्याच्यापुढे सरकवलं.

"आधी जेवा, वेळ टळायला नको. बाकीचं जेवल्यावर बघते."