बैलाची डावी बाजू

धुळ्याच्या कोर्टाचं समन्स हाती पडलं, त्या दिवसापासून झुलालच्या घशाखाली भाकर उतरेनाशी झाली. गुन्हा त्याने केला नव्हता. त्याने फक्त पाहिलं होतं, आणि पाहिलेलं सांगायला जायचं होतं. पण समन्स घेऊन आलेल्या शिपायाने जाता जाता बजावलं होतं, की शपथेवर एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर साक्षीदारालाच आत टाकतात. शिपाई पाणी पिऊन शिरपूरला परत गेला. त्याचं बोलणं मात्र झुलालच्या घरी मुक्कामाला राहिलं.

प्रकरण साधं होतं. शेजारच्या वनाचा बैल चोरीला गेला होता. त्याच दिवशी सकाळी झुलाल अरुणावतीच्या पात्रात तोंड धूत असताना गुरांचा दलाल भिकन पलीकडच्या काठाने एक बैल हाकत चाललेला त्याला दिसला. पांढरा बैल, उजव्या खांद्यावर तांबूस ठिपका, उजव्या कानाला चीर. पुढे तो बैल सातपुड्यापलीकडे कुठे विकला गेला, त्याचा पत्ता लागला नाही. भिकनचं म्हणणं, बैल माझा स्वतःचा होता. म्हणजे सगळी केस झुलालच्या दोन डोळ्यांवर उभी होती. वनाची जोडी फुटलेली, पेरणी तोंडावर आलेली, आणि एका बैलावर पाभर चालत नाही. भिकनवर चोरी शाबीत झाली, तर निदान बैल कुठे आहे ते तो सांगेल, एवढीच वनाला आशा.

झुलालने आपली काळजी शालकाजवळ बोलून दाखवली, तिथे खरा घोटाळा झाला. शालकाचं नाव अभिमन. तो अंमळनेरला तत्त्वज्ञान शिकत होता आणि प्रकृती सुधारायला बहिणीकडे आला होता. पाच वर्षांच्या अभ्यासात त्याला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. आता दाजींनी विचारलं, की खरं म्हणजे नेमकं काय, आणि अभिमन अंथरुणात उठून बसला.

त्याने दाजींना अंगणातल्या पितळी हंड्यासमोर उभं केलं आणि काय दिसतं ते विचारलं. झुलाल म्हणाला, हंडा. अभिमन म्हणाला, चूक. दिसते ती हंड्याची पुढची बाजू. मागची बाजू डोळे पाहत नाहीत, मन जोडून देतं. जग सगळं असंच आहे. अर्धं दिसतं, अर्धं आपण पदरचं घालतो, आणि पुन्हा म्हणतो की मी पाहिलं.

“मग शपथेवर काय सांगू?” झुलालने विचारलं.

“जेवढं दिसलं तेवढंच, दाजी. पदरचं काही घालायचं नाही.”

झुलालला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच त्याची झोप उडाली. आजवर आपण पदरचं किती घातलं, याचा हिशेबच लागेना. तो निंबाला वळसा घालून मागून पाहून येऊ लागला. मारुतीला नमस्कार करून झाला की देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन यायचा. बाजारात गाडगं घेताना त्याने ते इतक्या वेळा फिरवलं, की कुंभाराने तुम्हाला घ्यायचं आहे की घडवायचं आहे असं विचारलं. बायको ताईबाईने दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी नवरा भाकर उलटीसुलटी करून निरखताना दिसला, तेव्हा ती चुलीपुढूनच म्हणाली, “मंग आज भाकरनी वरलीच बाजू खा.”

तारखेच्या आदल्या दिवशी वना आला. बैल आपलाच होता, एवढी एकच गोष्ट त्याला ऐकायची होती.

“मनाच बैल व्हता ना, भाऊ?”

वना झुलालचा लहानपणापासूनचा सोबती. हो म्हणावं तर पदरचं घातल्यासारखं होतं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “उजवी बाजू ते तुनाच बैलनी व्हती.”

वनाने ताईबाईकडे जाऊन हळूच विचारलं, की भिकन घरी येऊन गेला होता का.

दुसऱ्या दिवशी झुलाल, वना आणि अभिमन मोटारीने धुळ्याला गेले. एकटा अभिमन खिडकीबाहेरच्या डोंगरांच्या अलीकडच्या बाजू पाहत खुशीत होता. कोर्टाच्या आवारात सरकारी वकिलाने झुलालला बाजूला घेऊन समजावलं, की फार बोलू नका, बैल वनाचा होता एवढं म्हणा आणि खाली उतरा. झुलालने हात जोडले. वकिलाला तो होकार वाटला.

झुलालने पिंजऱ्यात चढून शपथ घेतली. समोर मॅजिस्ट्रेटसाहेब, त्यांच्या हातात टाक. पलीकडे आरोपीच्या जागी भिकन. सरकारी वकिलाने विचारलं, भिकनजवळ दिसलेला बैल कुणाचा होता?

“उजवी बाजू वनाना बैलनी व्हती, साहेब.”

सरकारी वकिलाने प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस न करता ते खाली बसले. मागच्या बाकावर वनाने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

आरोपीचे वकील चौबळ उठले ते मिशीतल्या मिशीत हसतच. असा साक्षीदार त्यांना उभ्या हयातीत मिळाला नव्हता. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, की डावी बाजू पाहिली नाही, म्हणजे त्या बाजूने बैल काळा असू शकेल? झुलाल म्हणाला, असू शकेल. डावीकडे शिंग नसेलही? नसेलही. डावीकडचे दोन पाय?

“वाळूमा चार पायना खुर उठेल व्हतात का, ते मी देखं नही,” झुलाल म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

“म्हणजे त्या बैलाला डावी बाजू होती, असं तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही?”

झुलालने डोळे मिटले. नदी दिसली, काठ दिसला, उजवा खांदा दिसला. वनाची पेरणी दिसली. गाव आपल्याला काय म्हणेल, तेही दिसलं. डावी बाजू होती असं सरळ सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याने डोळे उघडले आणि मान हलवली.

“नही, साहेब.”

कोर्टात हशा पिकला. शिरस्तेदारही लिहिता लिहिता थांबला. चौबळ मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, की एका बाजूचा बैल चोरल्याच्या आरोपावरून माझ्या अशिलाला इथे उभं केलं आहे, आणि असा बैल पृथ्वीवर नसल्यामुळे चोरीही झालेली नाही.

भिकन इतका वेळ खाली मान घालून उभा होता. वीस वर्षं त्याने गुरांची दलाली केली होती. दात न पाहता तो बैलाचं वय सांगायचा, आणि त्याच्या नजरेबद्दल शिरपूरपासून शेंधव्यापर्यंत कुणी शंका काढली नव्हती. त्याने हाकलेल्या जनावराला भर कोर्टात अर्धं ठरवून लोक हसत होते, आणि त्यात त्याचा स्वतःचा वकील पुढे होता. त्याने कठड्याला हात लावला.

“साहेब, डावी बाजू व्हती,” तो शांतपणे म्हणाला. “उजवीथून बी चांगली व्हती. फक्त डावं शिंग जरासं मोडेल, आनि मांडीवर ‘व’ ना डाग. तो डाग झाकाले माले दोन दिवस हळद नि शेन लावनं पडनं.”

चौबळांनी त्याच्याकडे वळून हात वर केला, पण फार उशीर झाला होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा टाक चालू लागला होता. ‘व’ कशाचा, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मागच्या बाकावरून वना उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. बैल शेंधव्याजवळच्या कोणत्या वाडीत आहे, तेही भिकनने सांगून टाकलं. एवढं सांगितल्यावर तेवढंच लपवण्यात त्याला अर्थ वाटला नाही. अभिमन वनाला पडवीत अडवून या घटनेतलं तत्त्व समजावू लागला, आणि वना बैल मिळणार म्हणून सगळ्यालाच हो म्हणत होता.

शिपाई भिकनला घेऊन निघाला, तेव्हा भिकन झुलालपाशी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“झुलालभाऊ, तुमले खरंच वाटनं का, त्या बैलले डावी बाजू नव्हती म्हनीसन?”

“वाटाले काय, भो,” झुलाल म्हणाला, “माले बठ्ठा, दोन्ही बाजूना बैल वाटना. पन शपथ देखानी व्हती, वाटानी नव्हती.”

भिकनने हे मनात घोळवलं. बाजारात एखादं जनावर चुकीचं जोखलं गेल्यासारखी त्याने मान हलवली.

“म्हंजे मी कोर्टमा गप बसतू, ते सुटी जातू.”

“सुटी जाता,” झुलाल म्हणाला, आणि त्या दिवशी प्रथमच त्याने कुठलीही शंका न घेता उत्तर दिलं.