खुर्चीत बघितलं तर उपचार

मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याची दाट शक्यता आहे.

माझी नोकरीच मुळी धीर देण्याची. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत मी तक्रारींचे फोन घेतो. कुणी ना कुणी दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत माझ्या कानात किंचाळत असतं आणि मी शांतपणे सांगतो, "घाबरू नका. खोल श्वास घ्या. माणूस निघालाय." माणूस तेव्हा समोरच चहा पीत बसलेला असतो, पण माझ्या आवाजाने पलीकडचा जीव भांड्यात पडतो!

तर अशा या वाघाचा एकच हळवा कोपरा आहे. 'अंधारदरी' नावाची कादंबरी! पाच जाडजूड खंड. दरीतली राजकन्या, दरीखालचं श्वापद, दोघांच्या मधली नदी आणि त्या नदीवरचा आंधळा नावाडी. मला ती तोंडपाठ आहे. राजकन्या दरीखालच्या दाराशी पोचते तिथेच पाचवा खंड संपतो, दाराच्या आत काय आहे ते लेखकाने सांगितलेलंच नाही! लग्नाआधी बायकोने मला एकदा विचारलं होतं, "तुझं पहिलं प्रेम कोण?" मी खरं ते सांगितलं. तिसरा खंड. तरीही तिने लग्न केलं, यावरून ती किती धीराची आहे ते तुमच्या लक्षात येईल.

आमचं 'अंधारदरी वाचक मंडळ' आहे. दर रविवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. दुकानदार हेच आमचे अध्यक्ष. त्यांना सगळे 'सेनापती' म्हणतात. त्यांनी नुसतं बघितलं तरी आपला नंबर वाढलाय की काय असं वाटतं.

आणि मग आमच्या कादंबरीवर सिनेमा आला!

ट्रेलर बघून मंडळावर दुखवट्याची कळा पसरली. कादंबरीत राजकन्या शपथ घेते ती डावा हात वर करून. डावाच का? तर उजवा हात तलवारीवर असतो म्हणून! चौथ्या खंडाचा सगळा डोलारा त्या डाव्या हातावर उभा आहे. आणि ट्रेलरमध्ये बाईसाहेबांनी खुशाल उजवा हात वर केला होता!

"बहिष्कार!" सेनापती गरजले. "जो कोणी हा सिनेमा बघेल, तो मंडळाला मेला!"

आम्ही सगळ्यांनी मंडळाच्या रिवाजाप्रमाणे डावे हात वर करून शपथ घेतली. सेनापती बोलल्याप्रमाणे वागतात. आमच्यातल्या फुलवाल्याने ट्रेलर दुसऱ्यांदा बघितला, एवढ्यावरून त्याला काढून टाकलं. "चूक झाली, बोट लागलं," म्हणून तो बिचारा काकुळतीला आला. कोणीही ऐकलं नाही. ते बघून मी माझ्या फोनमधून ट्रेलरच पुसून टाकला. मला दुसरे मित्र नाहीत हो! रविवार गेला तर माझ्याकडे उरतात ते फक्त लिफ्टमध्ये अडकलेले लोक.

पण सेनापतींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येत्या रविवारी सिनेमाविरुद्ध मुख्य भाषण तुझं. भाषण झालं की तुला उपसेनापती जाहीर करतो."

मी हवेत तरंगतच घरी आलो. आणि शुक्रवारी सकाळी माझी दाढ ठणकायला लागली.

दाढदुखीला मी घाबरत नाही. दाताच्या डॉक्टरला घाबरतो. ती वेगळी गोष्ट आहे. मी बायकोला म्हटलं, "लवंग ठेवतो." ती म्हणाली, "ठेव. आणि चप्पल घाल." तिने मला जवळजवळ बखोटीला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई हसतमुख होत्या. मला हसतमुख दंतवैद्यांची जास्त भीती वाटते.

"रूट कॅनाल करावं लागेल," आत डोकावून त्या म्हणाल्या. "आज निम्मं, उरलेलं मंगळवारी. घाबरू नका. खोल श्वास घ्या."

हे वाक्य पलीकडच्या बाजूने कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी प्रथम कळलं. माणूस निघालाय, असंही कोणी म्हणालं नाही.

"दुखलं तर डावा हात वर करा," इंजेक्शन भरत त्या म्हणाल्या. "उजवा नको हं, माझ्या कोपराला लागेल." मग त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "वर बघा. आमच्याकडे छताला टीव्ही आहे. पेशंटचं लक्ष दुसरीकडे राहतं. परवाच एक छान सिनेमा घेतलाय!"

छतावर धुकं पसरलं. धुक्यातून दरी दिसू लागली. आणि मोठ्या अक्षरांत नाव आलं. 'अंधारदरी'!

मी किंचाळलो. पण तोंडात नळी, कापूस आणि डॉक्टरबाईंची दोन बोटं. त्यातून नुसतं "आँ" निघालं. "शहाणे आहात, अजून मोठा करा," त्या म्हणाल्या असाव्यात, कारण त्यांनी तिसरं बोट घातलं.

मी डोळे घट्ट मिटले. शपथ म्हणजे शपथ! पण डोळे मिटले की ड्रिलचा आवाज हेडफोनमधूनही मेंदूत शिरायचा. डोळे उघडले तर गद्दारी, मिटले तर ड्रिल! शेवटी मी एक डोळा उघडला. निम्मीच गद्दारी.

आणि वाचकहो, मला खरी भीती वाटली ती तेव्हा. सिनेमा वाईट निघेल याची नव्हे. तो चांगला होता!

नदी तशीच होती. अगदी मी मनात बघायचो तशी, काळी आणि संथ. नावाडी तसाच होता. त्याने पाण्यात हात घालून राजकन्येची चाहूल ओळखली तेव्हा माझा दुसरा डोळा आपोआप उघडला. माझं काय होणार? रविवारी मी कोणत्या तोंडाने भाषण करणार? मी मनातल्या मनात सिनेमाला विनवत होतो, बाबा रे, एखादी तरी घोडचूक कर! कर एकदा, मी तुझ्या पाया पडतो! सिनेमा काही केल्या चुकेना.

मग शपथेचा प्रसंग आला. मी श्वास रोखला. राजकन्येने हात उचलला. उजवा! सापडली चूक! माझ्या जिवात जीव आला. एवढ्यात कॅमेरा मागे सरकला आणि कळलं की आपण बघत होतो ते चकचकीत ढालीतलं प्रतिबिंब! राजकन्येने डावाच हात वर केला होता! आख्खं सैन्य डावे हात वर करून उभं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला आणि काय होतंय ते कळायच्या आत मीही डावा हात वर केला.

ड्रिल थांबलं. "दुखतंय?" असं विचारणारे डॉक्टरबाईंचे ओठ दिसले. आणखी एक इंजेक्शन बसलं.

राजकन्येने दुसऱ्यांदा शपथ घेतली. मीही घेतली. पुन्हा इंजेक्शन! मग दरीतल्या गावकऱ्यांची पाळी आली. ते घोळक्याघोळक्याने शपथ घेत होते. मी हात खाली ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला हो, पण वर्षानुवर्षांची सवय! होता होता माझी जीभ, हनुवटी आणि एक कान माझे राहिले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, कारण तिकडे नावाडी मरत होता.

डॉक्टरबाई घाबरल्या. त्यांनी बायकोला आत बोलावलं. बायको माझ्याकडे बघून कळवळली. मग तिने माझी नजर कुठे लागली आहे ते बघायला वर बघितलं. छत बघून तिने पदराने तोंड झाकलं. डॉक्टरबाईंना वाटलं, तिलाही रडू आवरत नाहीये.

एवढ्यात राजकन्या दरीखालच्या दाराशी पोचली. आतून श्वापदाचा आवाज आला, "आत आलीस तर परत फिरता येणार नाही. तयारी आहे?"

मी जोरात मान हलवली. आहे! तयारी आहे! जा आत!

दार जड होतं, राजकन्या बराच वेळ त्याच्याशी झुंजत राहिली. शेवटी ते उघडलं. आणि छत काळं झालं. डॉक्टरबाईंनी माझे हेडफोन काढले.

"झालं आजचं! आणि ती शेजारची अक्कलदाढही निघाली हं."

"आँ?"

"वाकडी होती. मी विचारलं, आजच काढू का, नंतर परत फिरता येणार नाही, तयारी आहे ना? तुम्ही किती ठामपणे मान हलवलीत! असे धीराचे पेशंट मिळत नाहीत हो हल्ली."

मी छताकडे बोट दाखवून हंबरडा फोडला. दाराच्या आत काय आहे? "उरलेला मंगळवारी," त्यांनी माझा गाल थोपटला. "आणि दोन-तीन दिवस फार बोलू नका."

"घरी बघता येतो की उरलेला," वाटेत बायको म्हणाली. मी जोरात मान हलवून नकार दिला. खुर्चीत बघितलं तर तो उपचार, घरी बघितलं तर ती गद्दारी! एवढा फरक माणसाला कळायला हवा. मंगळवारी डॉक्टरांच्या सल्ल्याने शेवट बघायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. मध्ये फक्त एक रविवार होता.

त्या रविवारचं वर्णन काय करू! गाल उशीसारखा सुजलेला आणि समोर सगळं मंडळ. सेनापती पहिल्या रांगेत, चष्मा पुसत. मला वाटलं, यांना माझ्या बुबुळांत ती काळी नदी दिसणार!

"बघा याच्याकडे!" सेनापती उठून म्हणाले. "अशा अवस्थेतही हा भाषणाला आला! याला म्हणतात निष्ठा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी भाषण सुरू केलं. सूज इतकी होती की माझं मलाच कळत नव्हतं, आणि तेच बरं होतं. मी काहीही पुटपुटायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. भाषण जवळजवळ पार पडलं होतं. सुटलो म्हणून मी खाली बसणार, तोच आमचा विमा एजंट आवेशाने उभा राहिला.

"उजव्या हाताने शपथ घेणाऱ्या राजकन्येचा धिक्कार असो!"

"ते ढालीतलं प्रतिबिंब आहे!" मी ओरडलो.

सबंध भाषणातलं तेवढं एकच वाक्य स्वच्छ, खणखणीत उमटलं.

सेनापतींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुला कसं कळलं?"

मला फुलवाला आठवला. रिकामे रविवार आठवले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तिथे खाली चष्म्याचं दुकान होतं, तरीही!

"बरोबर आहे त्याचं," मागून आमच्या मंडळातल्या ग्रंथपालबाईंचा बारीक आवाज आला. "कॅमेरा नंतर मागे जातो."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाई लालबुंद झाल्या. "मी... विरोध करायचा तर माहिती हवी, म्हणून बघितला."

"मीपण त्यासाठीच!" विमा एजंट चटकन म्हणाला. "दोनदा!"

मग एकेक हात वर जायला लागला. डावा! सगळ्या खोलीने सिनेमा बघितला होता. शेवटी सगळ्या नजरा सेनापतींवर खिळल्या. त्यांनी बराच वेळ घसा साफ केला.

"शेवट..." ते खाली मान घालून म्हणाले, "शेवट फार चांगला केलाय हो."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. वाचलो! मी त्यांना मिठी मारणार, एवढ्यात ते पुढे म्हणाले, "म्हणजे ते दार उघडतं, आणि आत जे श्वापद असतं ना..."

"आँगू का!" मी ओरडलो. सांगू नका, माझा अजून बाकी आहे, असं मला म्हणायचं होतं. पण माझा स्वच्छ वाक्यांचा कोटा संपला होता!

"बघा, आठवणीनेही भरून येतंय त्याला," ग्रंथपालबाई हळहळल्या.

मी कानांवर हात ठेवले. विमा एजंटाने ते प्रेमाने खाली ओढून आपल्या हातांत धरले. "रड. मोकळेपणाने रड. मीही रडलो होतो." आणि सगळ्यांनी मिळून, एकमेकांना दुरुस्त करत, मला शेवट सांगितला. दाराच्या आत काय असतं, ते कोणाचं कोण असतं, राजकन्या काय करते, सगळं! सेनापतींनी तर श्वापदाचा आवाजही काढून दाखवला.

खाली बायको स्कूटर घेऊन उभी होती. माझा चेहरा बघून ती धावत आली.

"काय रे? काढून टाकलं का तुला?"

मी मान हलवली. नाही.

"मग?"

"उपसेनापती केलं," मी कसंबसं म्हणालो.

"अरे वा! मग रडतोस कशाला?"

"शेवट सांगितला त्यांनी."

माझं बोलणं जगात फक्त तिलाच कळतं. तिने माझ्या सुजलेल्या गालावरून हात फिरवला. "एवढंच ना? सुटले बाई! मी शुक्रवारीच तुला झोपवून उरलेला बघितला. तेव्हापासून पोटात नुसतं उकळत होतं!" आणि घरापर्यंत सबंध वाटभर तिने मला शेवट पुन्हा सांगितला. खोटं कशाला बोलू, सेनापतींपेक्षा छान सांगितला.

मंगळवारी खुर्चीत बसलो. डॉक्टरबाईंनी हसतमुखाने हेडफोन पुढे केले. "लावू ना उरलेला?"

"नको हो," मी म्हटलं. "आज नुसती दाढच करा."