उजवीकडची गाडी

बर्फाबद्दल मला कोणी काही सांगू नये. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय मी. बर्फ कसा तयार होतो, कसा पडतो, कसा वितळतो, सगळं फळ्यावर काढून दाखवलंय. आता ते शिकवताना डोक्यावर पंखा गरगरत असायचा आणि बर्फ फक्त रसवंतीत पाहिलेला होता, ही गोष्ट वेगळी.

नाताळच्या सुट्टीत लेकीनं आम्हा दोघांना परदेशी बोलावून घेतलं. विहीणबाईही येणार होत्या. त्या दुसऱ्या गावी भाचीकडे उतरल्या होत्या आणि नाताळच्या आदल्या दुपारी रेल्वेनं पोचणार होत्या. त्यांना आणायला जावईबापू गाडी घेऊन जाणार होते. रात्रभर बर्फ पडला. सकाळी दाराबाहेर गाड्या नव्हत्याच, दोन पांढरे ढीग होते.

जावईबापू रात्रपाळी करून आलेले, गाढ झोपलेले. लेक स्वयंपाकात. म्हटलं, गाडी काढून ठेवू, जावयाला तेवढाच आराम. मी फावडं उचललं.

ढिगांपाशी आल्यावर प्रश्न पडला, आपली गाडी कुठली? आम्ही आलो तेव्हा मिट्ट काळोख होता. तेवढ्यात बायको खिडकीत दिसली.

"उजवीकडची की डावीकडची?" मी ओरडलो.

काचेआडून तिला काय ऐकू येणार? तिनं उजवा कान धरून जोरजोरात हलवला. उजवीकडची. इतक्या वर्षांचा संसार, एवढी खूण कळणार नाही?

मी कामाला लागलो. उजवीकडचा बर्फ उचलायचा, डावीकडच्या ढिगावर टाकायचा. त्या ढिगाखालीही गाडी आहे हे कळत होतं, पण ती परक्याची. कंबर बोलायला लागली, नाकाचा शेंडा माझा राहिला नाही. पण अखेर लालचुटूक गाडी बाहेर आली, आणि डावीकडचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला.

इतक्यात वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. गाडी पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, खूप काही बोलल्या. त्यांची भाषा मला चार आणे कळते. कौतुक करताहेत एवढं समजलं. मी मान लववली. मग त्यांनी दार उघडलं आणि सरळ आत बसल्या.

कौतुक ठीक आहे, पण म्हणून गाडी द्यायची? मी फावडं आडवं धरून गाडीपुढे उभा राहिलो आणि जावयाला हाका मारल्या. जावईबापू चादर गुंडाळून धावत आले, मागून लेक आणि बायको.

"बाबा, बाजूला व्हा. त्यांचीच गाडी आहे ती."

"मग आपली?"

जावईबापूंनी त्या डोंगराकडे पाहिलं.

मी बायकोकडे वळलो. "तूच तर उजवीकडची म्हणालीस."

"मी कानटोपी घाला म्हणत होते," ती म्हणाली.

विहीणबाईंच्या रेल्वेची वेळ होत आली होती. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, मी नेते. जावईबापूंना शेजारी बसवून त्या निघाल्या. तासाभरानं विहीणबाई त्याच लाल गाडीतून उतरल्या. मी कोपऱ्यात चहा घेऊन बसलो होतो. आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

"व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या, "त्या बाई वाटभर तुमचंच गुणगान करत होत्या. आणि आमचा मुलगा सांगत होता, त्याची गाडी तुम्ही मुद्दाम बर्फात झाकून ठेवलीत म्हणे. इंजिनाला वारा लागू नये म्हणून. भूगोलाच्या माणसालाच सुचणार हे."

जावईबापू अगदी मन लावून आईची बॅग उघडत होते. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"हो, म्हणजे... तसंच काहीसं," मी म्हटलं. असा जावई मिळायला भाग्य लागतं. माझा जीव भांड्यात पडला.

"छान. मग आता तेवढी काढून ठेवा," विहीणबाई स्वेटर सारखा करत म्हणाल्या, "संध्याकाळी मला गावातली नाताळची रोषणाई बघायचीय."