कौलाची हद्दपारी

अथेन्सच्या बाजारचौकातल्या सरकारी ओसरीचं एक कौल भर दुपारी सुटलं आणि दिनियास नावाच्या चांभाराच्या टाळक्यात बसलं. दिनियास जागच्या जागी गेला. कौलाचा फक्त एक टवका उडाला, आणि ही गोष्ट पुढे कौलाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात आली.

दिनियासचा धाकटा भाऊ फिलाग्रोस त्याच ओसरीत, त्याच्या शेजारी बसून जोडे शिवायचा. क्रियाकर्म उरकल्यावर तो तडक नगरभवनात गेला. तिथला अधिकारी एव्क्तेमोन मूळचा कांदेवाला. यंदा चिठ्ठीत नाव निघालं म्हणून न्यायदानाला बसला होता. लोकशाहीत कांदा आणि कायदा असा भेदभाव करत नाहीत.

“काय हवंय?”

“छप्पर नीट करून हवंय. माझ्या डोक्यावरचं कौलही हलतंय. वारा सुटला की खुळखुळतं.”

“ते नंतर. आधी मारेकरी कोण ते सांग.”

“मारेकरी कुठला? कौल पडलं.”

“म्हणजे मारेकरी कौल,” एव्क्तेमोनने मान डोलावली. “हाती लागलंय ना? फरार नाही ना झालं?”

छप्पर ज्यांनी घातलं त्यांना नको का बोलवायला, असं फिलाग्रोसने चाचरत विचारलं. अधिकाऱ्याला त्याचं फार वाईट वाटलं. छप्पर समितीची मुदत संपताच तिच्या कामाची रीतसर चौकशी झाली होती, सगळे सभासद निर्दोष ठरले होते, त्यांना ऑलिव्हच्या माळाही घातल्या गेल्या होत्या. निर्दोष माणसांनी घातलेलं छप्पर सदोष कसं असेल? दोष असलाच तर तो त्या कौलाचा वैयक्तिक.

मग साक्षीदारांसमक्ष कौलाला हजर राहण्याचा हुकूम वाचून दाखवला. कौल काही आपण होऊन आलं नाही, उचलून आणावं लागलं. आरोपांत कोर्टाच्या अवमानाची भर पडली.

खटल्याला सारं गाव लोटलं. भाजलेले हरभरे आणि अंजीर विकणाऱ्यांची चंगळ झाली. आरोपीच्या बाजूने कुणीच नाही हे बरं दिसेना, म्हणून पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणारे एपिखारेस गुरुजी उभे राहिले. “नागरिकहो, मयत त्या जागी रोज जात होता. कौल मात्र उभ्या आयुष्यात एकदाच खाली आलं. आता तुम्हीच सांगा, सराईत कोण?”

लोकांनी माना डोलावत दाद दिली. फिलाग्रोसचं रक्त उकळलं. भाऊ त्याचा मेला होता, आणि लोक हरभऱ्यांबरोबर युक्तिवाद चघळत होते.

पण तुला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर कौल गप्प राहिलं, आणि मौन म्हणजे कबुली. शिक्षा झाली हद्दपारीची. बासऱ्या वाजवत, गाणी म्हणत लोकांनी कौल शेजारच्या शत्रुनगराच्या, मेगाराच्या सीमेपर्यंत नेलं आणि पलीकडे भिरकावलं. पलीकडच्या शेतकऱ्याने ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि आपल्या गोठ्यावर बसवलं. खुनी कौल परस्पर शत्रूच्या डोक्यावर बसलं म्हणून एव्क्तेमोनची पाठ थोपटली गेली.

फिलाग्रोस पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला. “आता छपराचं बघता ना?”

“कसलं छप्पर? तुला न्याय मिळाला ना?”

“मिळाला हो. पण माझ्या डोक्यावरचं कौल...”

“त्याने कुणाला मारलंय?”

“अजून नाही.”

“मग निरपराध कौलाला खाली ओढायचं? अथेन्समध्ये? खोट्या फिर्यादीला काय शिक्षा असते, ठाऊक आहे ना?”

“म्हणजे मी मरायची वाट बघू?”

“मेलास की ये,” एव्क्तेमोन म्हणाला. मग त्याला आपली चूक उमगली. “म्हणजे तू नको येऊस. नातेवाइकाला पाठव. खुनाची फिर्याद नात्यातल्यानेच करायची, असा कायदा आहे.”

“माझ्या नात्यातला एकच उरला होता. तोच गेला.”

“अरे, मग तुझ्या बाबतीत गुन्हाच घडणार नाही,” एव्क्तेमोनने त्याला दिलासा दिला.

फिलाग्रोस ओसरीतल्या एकेकाकडे गेला. सगळे मिळून टेकडीवरच्या नागरिकसभेत छपराचा विषय काढू, म्हणाला. मेगारापर्यंत नाचत गेलेल्या माणसांना सभेची टेकडी चढवेना. शेजारचा मडकीवाला म्हणाला, “कौल तुझं, तू बघ बाबा. माझ्या डोक्यावरचं घट्ट आहे.”

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. फिलाग्रोस वर बघत बसून राहिला. जोड्यात टाका पडेना. मग तो उठला, आपली बैठक हातभर मागे ओढली आणि माप देताना गिऱ्हाईक ज्यावर उभं राहतं ते मेज पुढे सरकवलं, बरोबर कौलाखाली. त्याला स्वतःची शरम वाटली. पण हातभर मागे बसून पाहिलं तर टाका सरळ पडत होता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. भला माणूस दिसत होता. “वर काय खुळखुळतंय हो?”

“कौल आहे. त्याच्यावर आजवर एकही गुन्हा नाही,” फिलाग्रोसने मेजावर चामडं पसरलं. “तुम्हाला भाऊबिऊ आहेत का?”

“तिघं आहेत. का?”

“मग काही काळजी नाही. चढा वर.”